वैद्यकातील कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वैद्यकात कृत्रिम बुद्धिमत्तेवर होत असलेल्या संशोधनाविषयी डॉक्टर, वैद्यकीय विद्यार्थी, पत्रकार आणि रुग्णांचे नातेवाईक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. बहुतेक उत्तरे फिरून एकाच मुद्द्याशी येतात: एखादी प्रणाली कोणत्या रुग्णांवर आणि कोणत्या परिस्थितीत तपासली गेली हे कळल्याशिवाय तिच्या अचूकतेच्या आकड्याला फारसा अर्थ नसतो.

हे संशोधन गेल्या दहा-बारा वर्षांतलेच आहे का?

नाही. रॉबर्ट लेडली आणि ली लस्टेड यांनी १९५९ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात वैद्यकीय निदानामागच्या तर्काची गणिती मांडणी केली, तेव्हापासून संगणकाला निदान शिकवण्याचे प्रयत्न चालू आहेत. इंग्लंडमधील लीड्स येथे डी डोम्बल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अचानक पोटदुखी सुरू झालेल्या ३०४ रुग्णांवर केलेला अभ्यास १९७२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात संगणकाचे निदान ९१.८ टक्के वेळा बरोबर आले, तर त्या चमूतील सर्वांत ज्येष्ठ डॉक्टरचे ७९.६ टक्के वेळा. आज ज्या बातम्यांचे मथळे होतात, तशी बातमी पन्नास वर्षांपूर्वीच देता आली असती.

त्याच दशकात स्टॅनफर्ड विद्यापीठात एडवर्ड शॉर्टलिफ यांनी 'मायसिन' ही प्रणाली तयार केली. जिवाणूंच्या गंभीर संसर्गात कोणते प्रतिजैविक द्यावे, हे ती सुमारे ६०० नियमांच्या आधारे सुचवत असे. मेंदूज्वराच्या दहा रुग्णांसाठी मायसिनने आणि डॉक्टरांनी सुचवलेले उपचार, कोणता कोणाचा हे न सांगता आठ तज्ज्ञांपुढे ठेवण्यात आले, तेव्हा मायसिनची शिफारस विद्यापीठातील तज्ज्ञांच्या तोडीची ठरली. तरीही ती रोजच्या रुग्णसेवेत कधीच आली नाही. डॉक्टरने टर्मिनलसमोर बसून एकामागून एक प्रश्नांची उत्तरे टंकायची, आणि तीही रुग्ण गंभीर असताना, हे त्या काळच्या वॉर्डात जमण्यासारखे नव्हते. शिवाय नियम माणसांनी लिहिलेले होते. वैद्यकातील ज्ञान बदलले की ते पुन्हा हाताने दुरुस्त करावे लागत.

मग एवढी प्रचंड वाढ २०१२ नंतरच का झाली?

त्या वर्षी 'इमेजनेट' या चित्र ओळखण्याच्या स्पर्धेत टोरांटो विद्यापीठातील संशोधकांच्या बहुस्तरीय न्यूरल नेटवर्कने (मेंदूतील पेशींच्या जाळ्यावरून सुचलेल्या, उदाहरणांवरून शिकणाऱ्या संगणक प्रणालीने) इतरांना फार मोठ्या फरकाने मागे टाकले. नियम लिहून देण्याची गरज उरली नाही. लाखो उदाहरणे दाखवली की यंत्र खुणा आपणच शोधते, हे सिद्ध झाले, आणि व्हिडिओ गेमसाठी बनवलेले ग्राफिक्स प्रोसेसर या कामाला स्वस्तात वापरता येऊ लागले. वैद्यकात चित्रांचा तुटवडा कधीच नव्हता. एक्स-रे, सीटी, त्वचेची छायाचित्रे, सूक्ष्मदर्शकाखालच्या काचा, सारे काही होते. फक्त ते तोवर संगणकात साठू लागले होते.

दुसरे कारण सार्वजनिक माहितीसंचांचे आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने २०१७ मध्ये ३०,८०५ रुग्णांचे १,१२,१२० छातीचे एक्स-रे जगाला खुले केले. बोस्टनमधील एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागातील नोंदी ओळख पुसून 'मिमिक' या नावाने त्याआधीच उपलब्ध झाल्या होत्या. त्यामुळे ज्याने आयुष्यात वॉर्ड पाहिलेला नाही, असा अभियांत्रिकीचा विद्यार्थीही वसतिगृहात बसून वैद्यकीय शोधनिबंध लिहू शकतो. ही मोठीच सोय झाली, पण शोधनिबंधांच्या अमाप पिकाचे गुपितही तेच आहे. नवा रुग्ण नाही, नैतिक समितीची दीर्घ प्रक्रिया नाही, वर्षानुवर्षांचा पाठपुरावा नाही. तयार माहिती उतरवून घ्यायची, जुन्यापेक्षा अर्धा टक्का सरस मॉडेल (म्हणजे माहितीवरून शिकलेली प्रणाली) बनवायचे आणि लेख पाठवायचा. तिसरे कारण पैशाचे. मोठ्या तंत्रज्ञान कंपन्या या क्षेत्रात उतरल्या आणि त्यांच्या पाठोपाठ नियतकालिकेही आली. 'लॅन्सेट'ने डिजिटल आरोग्यासाठी २०१९ मध्ये स्वतंत्र नियतकालिक काढले.

डोळ्यांच्या पडद्याचे उदाहरण सगळीकडे का दिले जाते?

कारण या क्षेत्राचा जवळजवळ सगळा प्रवास त्या एका उदाहरणात दिसतो, आणि त्याचा बराचसा भाग भारतात घडलेला आहे. मधुमेहात डोळ्याच्या पडद्यावरील बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. सुरुवातीला रुग्णाला काहीच जाणवत नाही, आणि नजर अंधुक होते तोवर बरेच नुकसान झालेले असते. वर्षातून एकदा पडद्याचा फोटो काढून तज्ज्ञाने पाहिला तर बहुतेकांची दृष्टी वाचवता येते. पण भारतात मधुमेही कोट्यवधी आणि पडद्याचे तज्ज्ञ मोजके. अशा ठिकाणी यंत्राला वाव असतो.

गुगलच्या संशोधकांनी २०१६ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १,२८,१७५ फोटो वापरले होते. ते अमेरिकेतील एका तपासणी जाळ्यातून आणि अरविंद, शंकर नेत्रालय व नारायण नेत्रालय या भारतीय नेत्ररुग्णालयांतून आलेले होते. प्रत्येक फोटो ५४ नेत्रतज्ज्ञांच्या गटातील तीन ते सात जणांनी तपासला होता. या तपशिलाकडे सहसा कोणी लक्ष देत नाही, पण माझ्या मते त्या अभ्यासाचे खरे बळ मॉडेलच्या रचनेपेक्षा या कष्टाच्या वाचनात आहे. एकाच फोटोबद्दल दोन तज्ज्ञांचे मत वेगळे पडते, इतकेच काय, तोच तज्ज्ञ काही दिवसांनी आपलेच मत बदलतो. बरोबर उत्तर कोणते हे अनेकांच्या मतांवरून ठरवावे लागते.

त्यानंतर २०१८ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 'आयडीएक्स-डीआर' या प्रणालीला परवानगी दिली. डॉक्टरने निकालावर नजर टाकण्याची अट नसलेली, स्वतःच निर्णय देणारी ही पहिली प्रणाली. तिची चाचणी नेत्ररुग्णालयात न घेता प्राथमिक आरोग्यसेवेच्या दहा केंद्रांत ९०० मधुमेहींवर घेण्यात आली, आणि फोटो काढणारे कर्मचारीही तिथलेच, थोडक्या प्रशिक्षणाचे होते. तिची संवेदनशीलता (आजारी व्यक्ती पकडण्याचे प्रमाण) ८७.२ टक्के आणि विशिष्टता (निरोगी व्यक्तीला बरोबर सोडण्याचे प्रमाण) ९०.७ टक्के आली. हे आकडे प्रयोगशाळेतल्या आकड्यांपेक्षा कमी भरतात, पण ते जास्त भरवशाचे आहेत. भारतातही गुगलची प्रणाली मदुराईच्या अरविंद आणि चेन्नईच्या शंकर नेत्रालयात प्रत्यक्ष येणाऱ्या ३,०४९ रुग्णांवर तपासली गेली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ती तिथल्या वाचकांच्या बरोबरीने किंवा काही बाबतींत त्यांच्यापेक्षा सरस ठरली.

घोडे पेंड खाल्ले ते थायलंडमध्ये. तेथील ११ सरकारी दवाखान्यांत हीच प्रणाली वापरताना काय घडते, हे संशोधकांनी बसून पाहिले आणि २०२० मध्ये मांडले. नर्सना एका दिवसात खूप रुग्ण हातावेगळे करायचे होते, खोल्यांत पुरेसा अंधार करता येत नव्हता, आणि फोटो जरा अस्पष्ट असला की प्रणाली तो नाकारत असे. सुमारे २१ टक्के फोटो असे नाकारले गेले. नाकारलेल्या फोटोच्या रुग्णाला दूरच्या रुग्णालयात पाठवायचे, म्हणजे त्याची दिवसाची मजुरी बुडणार. आणि नर्सला तर फोटोत पडदा निरोगी असल्याचे डोळ्यांनी दिसत असे. इंटरनेट मंद असले की रांग आणखी लांबत असे. अल्गोरिदम तोच होता आणि त्याची अचूकताही घटली नव्हती, पण दवाखान्याचे काम मात्र अडले.

'डॉक्टरांपेक्षा अचूक' या बातमीचा नेमका अर्थ काय घ्यावा?

आधी हे विचारावे की आजार किती लोकांत होता. समजा, एखाद्या प्रणालीची संवेदनशीलता ९० टक्के आणि विशिष्टताही ९० टक्के आहे, म्हणजे आजारी असलेल्या शंभरातील नव्वद जण ती पकडते आणि निरोगी असलेल्या शंभरातील नव्वद जणांना बरोबर सोडते. ऐकायला उत्तम. आता १०,००० लोकांची तपासणी करू, ज्यांत १०० जण खरोखर आजारी आहेत. त्यांतले ९० सापडतील आणि १० सुटतील. उरलेल्या ९,९०० निरोगी लोकांपैकी ९९० जणांनाही प्रणाली आजारी ठरवील. एकूण १,०८० जणांच्या हातात 'पुढील तपासणी करा' असा कागद पडेल, आणि त्यांतले खरे आजारी फक्त ९०, म्हणजे साधारण आठ टक्के.

बऱ्याच शोधनिबंधांत मात्र आजारी आणि निरोगी निम्मेनिम्मे घेतलेले असतात, त्यामुळे हा प्रश्न डोळ्यांसमोर येतच नाही. दुसरी गोम तुलनेत असते. 'डॉक्टर' म्हणून ज्यांच्याशी तुलना केली, त्यांना रुग्णाचे वय, तक्रार, जुने रिपोर्ट यांतले काहीही न देता फक्त एक चित्र दाखवलेले असते. २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये आलेल्या त्वचेच्या कर्करोगाच्या गाजलेल्या अभ्यासात १,२९,४५० चित्रांवर शिकलेली प्रणाली २१ त्वचारोगतज्ज्ञांच्या बरोबरीची ठरली. काम खरोखर चांगले होते. पण ओपीडीत त्वचारोगतज्ज्ञ रुग्णाची सगळी त्वचा पाहतो, डाग चाचपतो आणि तो कधीपासून आहे हे विचारतो, ते त्या तुलनेत कुठेच नव्हते.

एका रुग्णालयात उत्तम चालणारी प्रणाली दुसरीकडे का अडखळते?

कारण यंत्र सोपी वाट शोधते. आजाराच्या खुणेपेक्षा सोपी खूण चित्रात असली की ते तीच उचलते. त्वचेच्या संशयास्पद गाठीचा फोटो काढताना डॉक्टर मापासाठी शेजारी पट्टी ठेवतात, साध्या तिळाशेजारी ठेवत नाहीत. मग पट्टी दिसली की कर्करोग, असे यंत्र शिकू शकते. अमेरिकेतील न्यूमोनियाच्या एक्स-रेंवरच्या २०१८ च्या एका अभ्यासात असे आढळले की एक्स-रे कोणत्या रुग्णालयातला आहे हे मॉडेलला जवळजवळ अचूक ओळखता येते. एका रुग्णालयात न्यूमोनियाचे रुग्ण फार आणि दुसऱ्यात थोडे असतील, तर रुग्णालय ओळखणे हेच अर्धे निदान होऊन बसते. तिसऱ्या रुग्णालयात ही युक्ती चालत नाही आणि मॉडेल उघडे पडते.

अमेरिकेतील एपिक या कंपनीची रक्तातील जंतुसंसर्गाची पूर्वसूचना देणारी प्रणाली शेकडो रुग्णालयांत बसवली गेली होती. मिशिगन विद्यापीठाने २७,६९७ रुग्णांच्या नोंदींवर ती स्वतंत्रपणे तपासली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष दिला: जंतुसंसर्ग झालेल्या ६७ टक्के रुग्णांच्या बाबतीत प्रणाली गप्प राहिली होती, आणि भरती झालेल्यांपैकी १८ टक्क्यांच्या बाबतीत तिने इशारा दिला होता. सतत वाजणाऱ्या इशाऱ्यांकडे कर्मचारी काही दिवसांनी दुर्लक्ष करू लागतात, हे अतिदक्षता विभागात काम केलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही.

कोविडच्या साथीत या संशोधनाचा उपयोग झाला का?

निदानाच्या बाबतीत जवळजवळ नाही. केंब्रिज विद्यापीठातील संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२० मधील छातीच्या एक्स-रे आणि सीटीवरून कोविड ओळखण्याविषयीचे २,२१२ अभ्यास गोळा केले. दर्जाच्या निकषांवर ६२ उरले, आणि त्यांपैकी एकही प्रत्यक्ष रुग्णसेवेत वापरण्याजोगा नव्हता. काही चुका तर थक्क करणाऱ्या होत्या. कोविड झालेले रुग्ण प्रौढ, आणि तुलनेसाठी घेतलेले कोविड नसलेले एक्स-रे एक ते पाच वर्षांच्या मुलांचे, कारण इंटरनेटवर तो संच आयता मिळाला होता. अशा मॉडेलने कोविड ओळखला की मूल ओळखले, याचे उत्तर देण्याची गरज नाही. वेगवेगळ्या ठिकाणांहून जोडलेल्या संचांत तेच चित्र दोनदा येत असे आणि शिकवताना पाहिलेलेच चित्र परीक्षेतही पडत असे.

हे सगळे लबाडीने झाले असे म्हणता येणार नाही. मदत करण्याची घाई होती आणि चांगला डेटा रुग्णालयांच्या कुलपात होता. पण जगभरचे हुशार लोक वर्षभर एकाच प्रश्नावर राबले आणि हाती जवळपास काही लागले नाही, या वस्तुस्थितीवर जेवढी चर्चा व्हायला हवी होती, तेवढी झालेली नाही.

यंत्रांच्या औषधांसारख्या चाचण्या होतात का?

होऊ लागल्या आहेत, पण प्रसिद्ध होणाऱ्या निबंधांच्या मानाने त्या अजून थोड्या आहेत. ही दिरंगाई महागात पडते हे स्तनाच्या मॅमोग्राफीने दाखवले आहे. संगणकाच्या मदतीने मॅमोग्राम वाचण्याच्या जुन्या पद्धतीला अमेरिकेत १९९८ मध्ये परवानगी मिळाली, विमा तिचे पैसे देऊ लागला आणि ती सर्वत्र पसरली. २००७ मध्ये मोठा अभ्यास आला, तेव्हा दिसले की ती वापरणाऱ्या केंद्रांत अनावश्यक बायोप्सी वाढल्या होत्या. २०१५ मध्ये तिचा कोणताही लाभ नसल्याचे आणखी एका मोठ्या अभ्यासाने दाखवले. मधल्या काळात लाखो स्त्रियांच्या तपासणीत ती वापरली गेली होती.

या वेळी स्वीडनने उलट क्रम धरला. 'मसाई' या यादृच्छिक (कोण कोणत्या गटात हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरवणाऱ्या) चाचणीत ८०,०३३ स्त्रियांवरील पहिले निष्कर्ष २०२३ मध्ये आले. एका गटाचे मॅमोग्राम नेहमीप्रमाणे दोन रेडिओलॉजिस्टांनी वाचले. दुसऱ्या गटात प्रणालीने धोका ठरवला आणि ज्यांचा धोका जास्त तेवढेच दोघांनी वाचले. दुसऱ्या गटात वाचनाचे काम ४४.३ टक्क्यांनी कमी झाले आणि कर्करोग कमी सापडले नाहीत, उलट दर हजारी ५.१ ऐवजी ६.१ सापडले. यावरही लगेच टाळ्या वाजवू नयेत, कारण जास्त कर्करोग सापडणे म्हणजे जास्त जीव वाचणे असे नसते. कधीच त्रास न देणाऱ्या गाठीही त्यात सापडलेल्या असू शकतात. म्हणून या चाचणीचे मुख्य मोजमाप वेगळे ठेवलेले आहे: दोन तपासण्यांच्या मधल्या काळात किती स्त्रियांना कर्करोग झाल्याचे उघड होते.

अशा चाचण्यांचा आराखडा आणि अहवाल कसा लिहावा यासाठी 'स्पिरिट-एआय' आणि 'कन्सॉर्ट-एआय' हे नियम सप्टेंबर २०२० मध्ये ठरवले गेले.

यंत्राला पूर्वग्रह कसा असेल?

यंत्राला नसतो, पण त्याच्यापुढे ठेवलेल्या प्रश्नात असू शकतो. 'सायन्स'मध्ये २०१९ मध्ये आलेल्या एका अभ्यासाने अमेरिकेत सर्रास वापरली जाणारी एक प्रणाली तपासली. कोणत्या रुग्णाला जास्तीच्या देखभालीची गरज आहे हे तिने ठरवायचे होते. पण गरज मोजणे कठीण म्हणून तिला पुढील खर्चाचा अंदाज बांधायला शिकवले होते. कृष्णवर्णीय रुग्ण तितकेच आजारी असले तरी त्यांच्यावर खर्च कमी होत असे, कारण त्यांना सेवाच कमी मिळत असे. साहजिकच प्रणालीने त्यांना कमी गरजू ठरवले. ही त्रुटी दूर केली असती तर जास्तीची मदत मिळणाऱ्यांत त्यांचे प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर गेले असते. आपल्याकडे खर्चाच्या किंवा विम्याच्या दाव्यांच्या नोंदींवरून असेच मॉडेल बनवले, तर गडचिरोलीतल्या किंवा नंदुरबारमधल्या माणसाचे काय होईल, याचा विचार संशोधकांनी आधीच केलेला बरा.

औषधांच्या शोधात काय चालले आहे?

येथे प्रगती खरी आहे, पण ती रुग्णापासून अजून दूर आहे. 'अल्फाफोल्ड' ही गुगल डीपमाइंडची प्रणाली प्रथिनांचे त्रिमितीय आकार वर्तवते. २०२२ पर्यंत तिने २० कोटींहून अधिक प्रथिनांचे आकार उपलब्ध करून दिले, आणि ती घडवणाऱ्या डेमिस हसाबिस व जॉन जंपर यांना २०२४ चे रसायनशास्त्राचे नोबेल डेव्हिड बेकर यांच्यासोबत मिळाले. एमआयटीच्या संशोधकांनी २०२० मध्ये मूळ मधुमेहासाठी अभ्यासलेल्या एका संयुगात जिवाणूंना मारण्याचा गुण यंत्राच्या मदतीने हेरला. 'हॅलिसिन' या नावाचे ते संयुग उंदरांवर परिणामकारक ठरले. फुप्फुसे कडक होत जाणाऱ्या आजारावरील 'रेंटोसर्टिब' या औषधाचे, ज्याच्या शोधात आणि रचनेतही यंत्राचा वाटा होता, दुसऱ्या टप्प्यातील निष्कर्ष २०२५ मध्ये आले. त्या चाचणीत ७१ रुग्ण होते. औषधाला वर्षे लागतात ती मुख्यतः माणसांवरील चाचण्यांत, आणि तो काळ कोणताही संगणक आटोपता घेऊ शकत नाही.

चॅटजीपीटी वैद्यकीय परीक्षा पास होतो. मग डॉक्टरांनी त्याला विचारावे का?

परीक्षेतील गुण झपाट्याने वाढले, हे खरे. गुगलच्या 'मेड-पाम' या वैद्यकीय प्रश्नोत्तरांच्या मॉडेलने अमेरिकी परवाना परीक्षेच्या धर्तीवरील प्रश्नांत सुमारे ६७ टक्के मिळवले आणि पुढच्याच आवृत्तीने ८५ ओलांडले. पण परीक्षेच्या प्रश्नात आवश्यक माहिती नीट वेचून दिलेली असते. खरा रुग्ण "कसंतरी होतंय" एवढेच सांगतो आणि महत्त्वाची गोष्ट उठून जाताना दारात बोलतो.

२०२४ मधील एक यादृच्छिक प्रयोग विचार करायला लावणारा आहे. ५० डॉक्टरांना कठीण प्रकरणे सोडवायला दिली. निम्म्यांना जीपीटी-४ या चॅटजीपीटीमागच्या मॉडेलची मदत होती. मदत असलेल्यांचे गुण ७६ टक्के, नसलेल्यांचे ७४. म्हणजे फरक नगण्य. मात्र मॉडेलला एकट्याला विचारले तेव्हा त्याचे गुण दोन्ही गटांपेक्षा बरेच जास्त आले. यावरून डॉक्टर निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल, कारण ती लिहून दिलेली प्रकरणे होती. पण डॉक्टरच्या हातात साधन दिले की काम आपोआप सुधारते, हा समजही त्याने खोटा ठरवला. मराठीतून विचारणाऱ्यांसाठी एक सावधगिरी: या मॉडेलांचे बहुतेक मूल्यमापन इंग्रजीत झालेले आहे, त्यामुळे तिथले आकडे मराठी उत्तरांना लावू नयेत, आणि औषधाचा डोस तर केवळ त्यावरून कधीच ठरवू नये.

भारतात आणि महाराष्ट्रात या विषयावर काय संशोधन झाले आहे?

मुंबईतील क्युअर डॉट एआय ही २०१६ मध्ये सुरू झालेली कंपनी यात ठळक आहे. डोक्याच्या सीटी स्कॅनमधील रक्तस्राव, अस्थिभंग आणि अन्य तातडीच्या गोष्टी ओळखणारे तिचे काम २०१८ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. त्यासाठी ३,१३,३१८ स्कॅन वापरले होते, आणि स्वतंत्र पडताळणीसाठी जमवलेला ४९१ स्कॅनचा संच इतर संशोधकांना खुला करण्यात आला. खासगी कंपनीने परीक्षेचा पेपर असा सर्वांसमोर ठेवणे कौतुकास्पद होते.

आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा विषय क्षयरोगाचा आहे. जगातील सुमारे एक चतुर्थांश क्षयरुग्ण भारतात आहेत. मार्च २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने १५ वर्षे व त्यावरील व्यक्तींच्या क्षयरोग तपासणीत छातीचा एक्स-रे माणसाऐवजी संगणक प्रणालीने वाचण्यास मान्यता दिली. हातात धरता येणारे एक्स-रे यंत्र घेऊन पाड्यावर किंवा वीटभट्टीवर शिबिर लावायचे, निकाल तिथेच पाहायचा आणि संशयित व्यक्तीचा बेडका लगेच तपासणीला घ्यायचा, ही पद्धत त्यामुळे शक्य झाली. यंत्र येथे निदान करत नाही. कोणाचा बेडका तपासायचा एवढेच सांगते. चूक झाली तरी पुढची तपासणी ती पकडू शकते, म्हणून हा वापर मला सर्वांत समंजस वाटतो. मुंबईतच २०१८ मध्ये सुरू झालेली 'वाधवानी एआय' ही ना-नफा संस्था क्षयरोगावर, तसेच मोबाइलच्या व्हिडिओवरून नवजात बाळाचे वजन व मापे अंदाजण्यावर काम करते.

रेडिओलॉजिस्टांचे काम जाणार का?

न्यूरल नेटवर्कचे आद्य संशोधक जेफ्री हिंटन यांनी २०१६ मध्ये रेडिओलॉजिस्टांचे प्रशिक्षण आता थांबवावे असे म्हटले होते. तसे झालेले नाही. अमेरिकेत परवानगी मिळालेल्या प्रणालींची संख्या हजारावर गेली आणि त्यांतल्या सुमारे तीन चतुर्थांश रेडिओलॉजीतल्याच आहेत, तरी तिथे रेडिओलॉजिस्ट कमीच पडत आहेत. नोकरी जाण्यापेक्षा हात बिघडण्याचा धोका मला जास्त खरा वाटतो. पोलंडमधील चार केंद्रांच्या २०२५ च्या अभ्यासात, मोठ्या आतड्याच्या दुर्बीण तपासणीत यंत्राची सवय झालेल्या डॉक्टरांचे, यंत्र नसताना गाठी सापडण्याचे प्रमाण २८.४ वरून २२.४ टक्क्यांवर आले. हा निरीक्षणात्मक अभ्यास आहे, त्यामुळे शेवटचा शब्द नव्हे. पण निवासी डॉक्टरांना शिकवणाऱ्यांनी तो वाचावा.

माझे रिपोर्ट अशा संशोधनासाठी माझ्या नकळत वापरले जातात का?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२३ मध्ये आरोग्यातील कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी नैतिक मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. त्यांनुसार अशा संशोधनाला नैतिक समितीची संमती लागते. ओळख पुसलेल्या जुन्या नोंदी वापरायच्या असतील तर समिती प्रत्येक रुग्णाच्या स्वतंत्र संमतीतून सूट देऊ शकते, म्हणजे तुमचा जुना एक्स-रे एखाद्या संचात असणे शक्य आहे. ओळख पुसणे हा शब्द मात्र वाटतो तेवढा भक्कम नाही. गुगलच्याच २०१८ च्या एका अभ्यासात पडद्याच्या फोटोवरून स्त्री की पुरुष हे यंत्राने फार मोठ्या अचूकतेने सांगितले, जे नेत्रतज्ज्ञांना सांगता येत नाही. चित्रात काय काय दडलेले आहे याचा आपल्याला पूर्ण अंदाज नाही. रुग्णालयात भरती होताना ज्या कागदांवर सह्या घेतात, त्यांत 'शिक्षण व संशोधनासाठी' अशी ओळ असते. ती वाचावी, आणि नको असेल तर विचारून खोडावी.

अशा प्रणालीला भारतात परवानगी लागते का?

होय. १ एप्रिल २०२० पासून वैद्यकीय उपयोगाचे सॉफ्टवेअरही वैद्यकीय उपकरणांच्या व्याख्येत आले आहे आणि ते केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेच्या कक्षेत येते.

मी वैद्यकीय विद्यार्थी आहे, प्रोग्रॅमिंग येत नाही. या संशोधनात मला जागा आहे का?

आहे, आणि ती कोड लिहिणाऱ्यापेक्षा कमी महत्त्वाची नाही. या क्षेत्राला मॉडेल बनवणाऱ्यांची वाण नाही. मॉडेल कोठे चुकते हे वॉर्डात उभे राहून पाहणाऱ्यांची आहे. तुमच्या महाविद्यालयात एखादी प्रणाली आधीच वापरात असेल, तर एका महिन्याचे सलग सगळे एक्स-रे घ्या, निवडून नव्हे. प्रणालीचा निकाल न पाहता दोन वरिष्ठांकडून ते वाचून घ्या, मतभेद झाला तर तिसऱ्याकडे द्या, आणि मग यंत्राच्या निकालाशी ताडून पाहा. पोर्टेबल यंत्रावर काढलेल्या, वयस्कर रुग्णांच्या आणि पूर्वी क्षय होऊन गेलेल्यांच्या एक्स-रेंचे निकाल वेगळे मांडा, कारण जुन्या व्रणाला यंत्रे ताजा आजार समजतात ती बहुधा तिथेच. नैतिक समितीचा अर्ज आधी करा. संख्याशास्त्राच्या विभागातील कोणाला तरी पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, कारण रुग्णसंख्या किती लागेल हे माहिती जमवून झाल्यावर ठरवता येत नाही. निकाल यंत्राच्या विरुद्ध आला तरी तो प्रसिद्ध करण्याची तयारी मार्गदर्शकाची आहे ना, हेही सुरुवातीलाच विचारून घ्या.